ड्युटीवरचा मोबाईल : आधी ओव्हर, मग डेटा

ग्रामीण रुग्णालयात मोबाईलवरून वाद झाला की ठरलेले दोन उपाय निघतात. इन्चार्ज सिस्टर सगळ्यांचे फोन कपाटात ठेवायला लावतात, आणि यू-विन (लसीकरणाच्या नोंदींचं ॲप) भरायचं आहे, ईसीजीचा फोटो एमओंना (वैद्यकीय अधिकाऱ्यांना) पाठवायचा आहे म्हणून चार दिवसांत ते पुन्हा बाहेर येतात. किंवा मग “जरा कमी वापरा गं” एवढ्यावर विषय संपतो, आणि पुढच्या आठवड्यात कुणाच्या तरी सलाईनच्या नळीत रक्त उलटं चढतं.

वॉर्डात इतकी वर्षं काढल्यावर माझं मत असं झालं आहे की आपलं चुकतं ते क्रमात. आधी फोन हातात येतो, मग आठवतं की तीन नंबरच्या बाईचं एफएचएस (पोटातल्या बाळाचे ठोके) ऐकायचं राहिलं. हा क्रम उलटा करायचा आहे. खालचे टप्पे याच क्रमाने घ्या. मधला एखादा आवडला म्हणून तेवढाच उचलला, तर आठवडाभरही टिकत नाही.

तयारी : काय जवळ हवं

सेकंदकाटा असलेलं मनगटी घड्याळ. हे सगळ्यात आधी घ्या, तालुक्याच्या बाजारात स्वस्तात मिळतं. थेंब मोजायला किंवा नाडी बघायला फोन काढला की वर तीन मेसेज दिसतात, आणि बेचाळीसवर आलेली मोजणी तिथेच तुटते. निम्मा “खाजगी वापर” वेळ बघण्याच्या निमित्ताने सुरू होतो, हे मी स्वतःवर पाहिलं आहे.

खिशात मावेल एवढी वही, पेन, स्पिरिट स्वॅब. शिवाय सुटीच्या दिवशीचा अर्धा तास, कारण पहिले दोन टप्पे घरी बसून करायचे आहेत. ते ड्युटीवर करायला घेतले तर तोच खाजगी वापर होतो.

टप्पा १ : एका फोनचे दोन फोन करा (घरी)

आपल्याकडे सरकारी काम खाजगी फोनवरच चालतं. लसीकरण, निक्षय (क्षयरोगाच्या नोंदी), ई-संजीवनी (ऑनलाइन डॉक्टरी सल्ला), वर जिल्ह्याचा ग्रुप, तालुक्याचा ग्रुप, पीएचसीचा म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्राचा ग्रुप. त्याच व्हॉट्सॲपवर माहेरचा ग्रुप आणि भिशीचा ग्रुपही असतो. “फोटो टाका” असा वरून निरोप आला म्हणून व्हॉट्सॲप उघडायचं आणि मावसबहिणीच्या साखरपुड्याचे चाळीस फोटो बघून बंद करायचं, हा रोजचा घोटाळा तिथूनच सुरू होतो.

१. कामाची सगळी ॲप पहिल्या पानावर आणा. फेसबुक, इन्स्टाग्राम, यूट्यूब, खरेदीची ॲप शेवटच्या पानावर एका फोल्डरमध्ये टाका. बोटाला चार वेळा सरकावं लागलं की निम्म्या वेळा मन आपोआप मागे फिरतं.

२. दोन सिमचा फोन असेल तर ऑफिसच्या ग्रुपसाठी वेगळा नंबर ठेवा. अँड्रॉइडवर एकाच व्हॉट्सॲपमध्ये दुसरं अकाउंट जोडता येतं, किंवा व्हॉट्सॲप बिझनेस टाकून दुसरा नंबर त्यावर चालवता येतो. दुसरं सिम परवडत नसेल तर घरचे ग्रुप म्यूट करून अर्काइव्हमध्ये टाका.

३. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये फोटो-व्हिडिओ आपोआप डाउनलोड होणं बंद करा. गॅलरीत दिसणंही बंद करा. डेटा वाचतो हे खरं, पण मुख्य कारण वेगळं आहे. ग्रुपवर आलेला जखमेचा फोटो गॅलरीत उतरतो, गॅलरीचा बॅकअप गुगल फोटोजवर जातो, आणि संध्याकाळी पोरगा गेम खेळता खेळता तो बघतो.

४. फोनला आणि व्हॉट्सॲपला, दोन्हींना लॉक लावा. घरच्यांना माहीत असलेला पॅटर्न लॉक म्हणून धरू नका.

*तपासा :* फोन धाकट्या बहिणीच्या हातात द्या. तिला दोन मिनिटांत एकाही रुग्णाचं नाव, फोटो किंवा रिपोर्ट सापडला नाही, तर हा टप्पा झाला.

टप्पा २ : घरच्यांना रस्ता आखून द्या (घरी)

“पोराला ताप आला तर मला कळायला नको का?” हा प्रश्न रास्त आहे. उत्तर नसलं की फोन खिशात राहतो, आणि खिशात राहिला की दर दहा मिनिटांनी बाहेर येतो.

अँड्रॉइडच्या ‘डू नॉट डिस्टर्ब’मध्ये ठराविक लोकांचेच कॉल वाजू द्यायची सोय आहे. त्यात चारच नंबर ठेवा : नवरा, सासू किंवा आई, मुलाची शाळा आणि एमओ साहेब किंवा मॅडम. इन्चार्जचा पाचवा घातला तरी चालेल, नणंदेचा सहावा नको. एकाच नंबरवरून पंधरा मिनिटांत दुसऱ्यांदा कॉल आला तर तो वाजू देण्याचाही पर्याय तिथेच असतो. तो चालू करा आणि घरी सांगून ठेवा : “साधी गोष्ट असेल तर मेसेज टाका, मी सुट्टी मिळाली की बघीन. जिवाचं काही असेल तर लागोपाठ दोनदा लावा.”

रुग्णालयाचा लँडलाइन चालू असेल तर तो नंबर घरच्या भिंतीवर लिहून लावा. बऱ्याच ठिकाणी तो मृत असतो. मग सोबतच्या सिस्टरचा नंबर घरी आणि तुमचा तिच्या घरी, अशी अदलाबदल करा.

*सावधान :* ही चाचणी घरीच घ्या. नवऱ्याला बाहेर पाठवून दोनदा फोन लावायला सांगा. वाजतो का बघा. सेटिंग अर्धवट राहिल्यामुळे गरजेचा फोन न वाजण्याचे प्रकार झालेले आहेत, आणि मग “त्या लेखात लिहिलं होतं” म्हणून माझ्या नावानं शंख होतो.

टप्पा ३ : ड्युटीवर पोहोचल्यावरचा पहिला अर्धा तास

सकाळी आठ, दुपारी दोन, रात्री आठ. ओव्हर, म्हणजे आधीच्या पाळीकडून रुग्णांचा ताबा, घ्यायच्या आधीच डेटा बंद. कामाचं ॲप लागेल तेव्हा चालू करायला एक बोट पुरतं. ओव्हर बेडजवळ उभं राहून घ्या. टेबलाशी बसून घेतलेल्या ओव्हरमध्ये सलाईनची सुई कुठल्या हाताला आहे हेसुद्धा कळत नाही.

मग फोनची जागा ठरवा. ॲप्रनचा खिसा ही सगळ्यात वाईट जागा : तो थरथरतो, रुग्णावर वाकलं की पडतो, आणि ग्लोव्ह घातलेला हात सवयीनं तिकडेच जातो. नर्सिंग स्टेशनचा एक ड्रॉवर त्यासाठी मोकळा करा. चोरीची भीती असेल तर किल्ली ड्युटीवरच्या सिस्टरकडे. लेबर रूम आणि ड्रेसिंग रूममध्ये फोन न्यायचाच नाही. अपवाद एकच : एमओंना लगेच काही दाखवायचं असेल, आणि तेव्हा फोन धरायला दुसरं माणूस हवं.

टप्पा ४ : रुग्णांच्या घड्याळांचा कागद

इथे घाई करू नका. इथे लक्ष दिलंत तर पुढचं आपोआप जमतं.

ओव्हर झाल्यावर वहीच्या एका पानावर फक्त वेळा लिहायच्या. कुठल्या बेडला, काय, किती वाजता. उदाहरणार्थ, ५०० मिली आरएल सलाईन चार तासांत द्यायचं आहे, सेट वीस थेंबांचा (वीस थेंबांना एक मिली) आहे, तर मिनिटाला साधारण ४२ थेंब. नऊला लावलं तर एकला संपेल. पण हात हलला की वेग बदलतो, म्हणून “१०, ११, १२, १२.४५” अशा बघायच्या वेळा लिहा. नुसतं “१ वाजता बदल” लिहून भागत नाही. आमच्याकडे नातेवाईकच आठवण करून देतात, “सिस्टर, सलाईन संपून रायली ना वो!” पण रात्री दोनला नातेवाईकही झोपलेले असतात.

या कागदावर काही खिडक्या लाल पेनने बंद करायच्या. तेवढ्या वेळात खाजगी फोन नाही, मोकळ्या असलात तरी नाही :

ॲक्टिव्ह लेबरमधली, म्हणजे जोराच्या कळा सुरू झालेली बाई. एफएचएस आणि कळा दर अर्ध्या तासाला. पार्टोग्राफवरचे (प्रसूतीच्या प्रगतीच्या तक्त्यावरचे) ठिपके नंतर एकदम बसून भरलेले असतात तेव्हा ते ओळखू येतात. बाळाचे ठोके सलग १४० वरच राहत नसतात.

प्रसूतीनंतरचे पहिले दोन तास. दर पंधरा मिनिटांनी नाडी, बीपी, गर्भाशयाचा घट्टपणा, पॅड. पहिल्या पोस्टिंगला माझ्याकडून इथेच चूक झाली. बाळ रडलं, वार पडली, सगळं नीट झालं म्हणून मी भाचीच्या बारशाचे फोटो बघत बसले. मावशींनी हाक मारली तेव्हा रक्त पॅडमधून चादरीत उतरलं होतं. मॅडम क्वार्टरमध्ये होत्या म्हणून बाई वाचली. तेव्हापासून या दोन तासांत मी चहासुद्धा तिथेच उभ्यानं घेते.

रक्त चढवताना पहिली पंधरा मिनिटं. सिकलसेलचे रुग्ण आपल्याकडे जास्त, त्यांना रक्त वारंवार चढतं, आणि “हिला नेहमीचंच आहे” म्हणून आपण निर्धास्त होतो. रिॲक्शन येते ती बहुधा सुरुवातीला.

सर्पदंश. पावसाळ्यात धान आणि कापसाच्या पट्ट्यात हे रोजचं. २० मिनिटांची गुठळी चाचणी लावली की हातात अगदी वीस मिनिटांची रिकामी वेळ आल्यासारखी वाटते, आणि रील सुरू होतात. कोरड्या स्वच्छ काचेच्या नळीत दोन मिली रक्त, नळी हलवायची नाही, बरोबर वीस मिनिटांनी तिरकी करून बघायची, एवढं तर खरंच. पण त्या वीस मिनिटांत बघायचं असतं ते माणसाकडे. मण्यार चावलेल्याच्या जागी सूज नसते, दुखतही नाही, रक्त नीट गोठतं, आणि पापण्या मात्र हळूहळू खाली येत असतात. त्या फोनवर दिसत नाहीत. एएसव्ही (सापाच्या विषावरचं औषध) सुरू झाल्यावर पहिला अर्धा तास तर बेडपासून हलायचंच नाही. रिॲक्शन आली तर म्हणून ॲड्रेनॅलीन सिरिंजमध्ये भरून जवळ हवं.

फवारणीच्या दिवसांत विषबाधेचा रुग्ण ॲट्रोपिनवर असेल, तर नाडी, डोळ्यांच्या बाहुल्या, छातीतला आवाज वारंवार. तीही खिडकी बंद.

*तपासा :* लाल खिडक्या भरून झाल्यावर पानावर मोकळी जागा उरली नाही, तर आज खाजगी इंटरनेट नाही. जेवणाच्या सुट्टीपर्यंत विषय संपला. असे दिवस महिन्यात बरेच येतात, त्याबद्दल चिडचिड होणारच.

टप्पा ५ : मोकळी दहा मिनिटं घ्यायची पद्धत

चोरून घेतलेली दहा मिनिटं पंचवीस होतात. सांगून घेतलेली दहाच राहतात.

१. सोबतच्या सिस्टरला किंवा ब्रदरला शब्दांत सांगा : “मी दहा मिनिटं फोन बघते. चार नंबरची सलाईन पाऊणला बघायची आहे, तोवर मी आलेली असेन.” तिने “हो” म्हणेपर्यंत जागा सोडायची नाही. नुसती मान हलली तर ते हो धरू नका.

२. जागा रुग्णांच्या नजरेआड, पण हाकेच्या अंतरात. खरी अडचण इथे येते. विदर्भातल्या धारणी, भामरागड, जिवतीकडच्या बऱ्याच केंद्रांवर रेंज वॉर्डात नसते, पाण्याच्या टाकीजवळ किंवा गेटबाहेरच्या झाडाखाली असते. तिथून वॉर्डातली हाक ऐकू येते का, हे एकदा दिवसा मावशींना हाक मारायला लावून तपासा. येत नसेल तर ती जागा बाद, सिग्नलचे चार दांडे दिसत असले तरी. गाणी किंवा व्याख्यान ऐकायचं असेल तर घरून डाउनलोड करून आणा.

३. दहा मिनिटांचा अलार्म लावा, मग डेटा चालू करा. याच क्रमाने.

४. काय बघायचं ते आधी ठरवा : घरचे मेसेज, मुलाचा निकाल, बसची वेळ. रील आणि शॉर्ट्सला शेवट नसतो, म्हणून ड्युटीत ती नकोतच. पैशांचे व्यवहारही नकोत. घाईत, मध्येच कुणी हाक मारत असताना, लिंक दाबली जाते आणि ओटीपी सांगितला जातो. तसं काही झालंच तर लाजत बसू नका, लगेच १९३० वर फोन करा. पहिले काही तास मोलाचे असतात.

५. इअरफोन नाही. एका कानातसुद्धा नाही. मॉनिटरचा अलार्म, बाळाचं कण्हणं, शिडीवरून कुणी पडल्याचा आवाज, सगळं त्या दुसऱ्या कानावर सोडता येत नाही.

नाईटला पहाटे तीन ते पाच झोप अनावर होते आणि “जागं राहायला म्हणून” फोन घेतला जातो. मला हे कारण निम्मं पटतं. पण स्क्रीनकडे बघत बसलेलं माणूस जागं दिसतं, भानावर असतंच असं नाही. त्याऐवजी तीनला एक राउंड, चारला एमर्जन्सी ट्रे मोजणं, ड्युटीवरच्या दोघींनी आळीपाळीने टेकणं. फोन राउंडनंतर दहा मिनिटं.

टप्पा ६ : परत येताना

फोन ड्रॉवरमध्ये ठेवण्याआधी स्पिरिट स्वॅबने पुसा, कव्हर काढून. मग हात धुवा. फोन पुसून हात न धुणं किंवा हात धुऊन मग पुन्हा फोन ठेवणं, दोन्ही सर्रास होतं आणि दोन्ही फुकट जातं.

नंतर टेबलाशी बसायचं नाही. पहिल्या बेडपासून शेवटच्यापर्यंत एक फेरी मारायची, कागदावरच्या वेळांवर खुणा करायच्या. ज्यांना सांगून गेलात त्यांना “आले” म्हणा.

टप्पा ७ : फोटो, स्टेटस, रील

युनिफॉर्ममधला फोटो काढावासा वाटतो, त्यात पाप नाही. पण मागे केस पेपर आहे का, फळ्यावर नावं आहेत का, खाटेवर कोण आहे, हे कुणी बघत नाही. खेड्यात चेहरा झाकूनही ओळख लपत नाही. पायातल्या तोरड्या आणि लुगड्याच्या काठावरून गाव सांगतं ही कुणाची सून.

राज्य शासनाने जुलै २०२५ मध्ये कर्मचाऱ्यांच्या समाजमाध्यम वापराबद्दल सूचना काढल्या आहेत : खाजगी आणि कार्यालयीन खाती वेगळी ठेवा, आणि प्रोफाइल फोटो सोडता पदनाम, गणवेश, सरकारी इमारत, वाहन हे रील-फोटोत वापरू नका. कंत्राटी आहोत म्हणून आपल्याला लागू नाही, अशा समजात राहू नका.

काही माहिती तर तोंडानेही बाहेर जायला नको. रुग्णाचा एचआयव्ही अहवाल गुप्त ठेवणं २०१७ च्या कायद्याने बंधनकारक आहे. लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची ओळख उघड करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. गर्भपाताच्या रजिस्टरचं पान फोटोत येणं हेही तितकंच गंभीर.

*सावधान :* एमओंना पाठवलेला ईसीजी किंवा जखमेचा फोटो ग्रुपवर टाकू नका, थेट त्यांनाच पाठवा. नाव झाका, बेड नंबर लिहा. उत्तर आलं की ते केस पेपरवर वेळेसह उतरवा आणि मगच फोटो डिलीट करा. आधी डिलीट करून नंतर “मॅडमनी काय डोस सांगितला होता गं?” असं विचारत फिरणं मी पाहिलं आहे.

टप्पा ८ : उपकेंद्रावर एकट्या असाल तर

आरोग्य सेविकेला “सांगून जा” म्हणायला शेजारी कुणी नसतं. तिथे आशाताईंना सांगा, त्याही नसतील तर ओपीडीतला शेवटचा रुग्ण गेल्यावर दाराला कडी न लावता बसा. लसीकरणाच्या दिवशी शेवटचं बाळ टोचल्यावरची तीस मिनिटं लाल खिडकी आहे. आया तिथेच बसलेल्या असतात आणि आपण यू-विनवर नोंदी करत असतो. बाहेरून बघणाऱ्याला काय दिसतं? बाई फोनवर आहे. म्हणून मोठ्यानं बोला : “ताई, तुमच्याच पोराचं नाव भरते आहे, जन्मतारीख सांगा बरं.” हे वाक्य मी वॉर्डातही वापरते. अर्ध्या तक्रारी तिथेच मिटतात.

टप्पा ९ : नातेवाइकांनी व्हिडिओ काढला तर

हल्ली आपण फोन बघत असल्याचा व्हिडिओ फोनवरच निघतो. तेव्हा करायचं ते असं :

१. त्यांचा फोन ओढू नका, आवाज चढवू नका. आधी रुग्णाकडे जा, जे राहिलं असेल ते करा.

२. इन्चार्ज आणि एमओंना लगेच सांगा. व्हिडिओ गावातून त्यांच्यापर्यंत पोहोचण्याआधी.

३. काम करत होतात तर ॲपमधल्या नोंदीची वेळ दाखवता येते, ती वहीत लिहून ठेवा. खाजगी बघत होतात तर तसंच सांगा : किती मिनिटं, कुणाला सांगून, तेव्हा कुठल्या रुग्णाचं काय चालू होतं. टप्पा ४ चा कागद इथे कामी येतो, म्हणून ड्युटी संपल्यावर तो फाडून टाकू नका. महिनाभर ठेवा.

४. रजिस्टरमध्ये मागच्या वेळा नंतर भरू नका. साधी चूक त्या एका ओळीने खोटेपणा होते, आणि चौकशीत शाईचा रंगसुद्धा बघतात.

जाता जाता : ड्युटी संपताना व्हॉट्सॲपमधलं ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ उघडून बघा. रिपोर्टची प्रिंट काढायला ऑफिसच्या कॉम्प्युटरवर व्हॉट्सॲप वेब लावलं होतं आणि तसंच राहिलं, असं किमान एक नाव प्रत्येक केंद्रात निघतं. तिथून लॉगआउट करा, मग ओव्हर द्या, मग डेटा चालू करून घरच्या चाळीस मेसेजना सवडीने उत्तरं देत बसस्टँडकडे निघा.